काहू न की काहून?

दिगंबर, तुझ्यावर लिहा म्हणून काल सकाळी दोघे जण माझ्या दारात येऊन बसले. तुझी स्मरणिका काढताहेत. "सुजाताबाई, इतकी वर्षं त्यांच्या पेटीवर तुम्ही गायलात, चार हलक्याफुलक्या आठवणी द्या. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." मी म्हटलं, माझ्याकडे हलकं काही नाही. तर दोघेही हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करताहेत. तुझ्याशेजारी बसल्याचा हा परिणाम. मी साधं वाक्य बोलले तरी लोक दात काढतात.

तेव्हा ऐक. तू गेल्याला आठवडासुद्धा झालेला नाही आणि मी तुझ्यावर चिडलेली आहे. रडून झालं माझं, खोटं कशाला सांगू. पण रडतानाही चिडलेलीच होते. गावभर तुझी वाहवा चालली आहे. हसवणारा माणूस गेला, नागपूर सुनं झालं, असं जो तो म्हणतो. कोणाच्या जिवावर हसवलंस, हे कोणी विचारत नाही. ते मी विचारणार आहे. तुला आता उलट बोलता येणार नाही, म्हणजे एकदा तरी शेवटचा शब्द माझा राहील.

बर्डीवर गुरुजींच्या वर्गात मी पहिल्यांदा आले तो दिवस तू विसरला असशील. मी विसरलेली नाही. जरीपटक्याच्या अलीकडच्या आमच्या वस्तीतून मी चालत आले होते, नव्या परकराची घडी मोडून. बाबा गिरणीत होते. छप्पनला त्यांनी दीक्षा घेतली आणि घरी येऊन जाहीर केलं की आपली पोरगी शिकणार, आणि आजवर जे आपल्याला कोणी शिकवलं नाही नेमकं तेच शिकणार. आईनं विचारलं, म्हणजे काय? बाबांना पटकन सुचलं ते गाणं. त्यांनी स्वतः आयुष्यात ख्याल ऐकला नव्हता. रेडिओवर लागला की आमच्याकडे बटण फिरवायचे.

वर्गात महाल-धंतोलीच्या मुली बसल्या होत्या. मी दारातच उभी राहून म्हटलं, "मले तानपुरा द्या." एक फिस्सकन हसली. मग सगळ्याच हसल्या. तू कोपऱ्यात पेटी पुसत होतास. तू हसला नाहीस. गंभीर तोंडानं उठलास, भिंतीजवळचा तानपुरा उचलून आणलास आणि म्हणालास, "हा घे. तुले हाच बरा. तो दुसरा जरा खरखर करून राहिला."

आता सांग, ते काय होतं? तुझ्या घरात भोसल्यांच्या कचेरीपासून लेखणी चालवलेली माणसं. घरी तुझं 'मला-तुला', ऑफिसात 'मला-तुला', गुरुजींसमोर तर पुस्तकातून उचललेलं बोलणं. माझ्याशी तेवढं 'तुले'. त्या मुलींची तोंडं बंद करायला तू तसं बोललास, की माझी नक्कल केलीस? यावरून आपण किती भांडलो, देवाला ठाऊक, म्हणजे तुझ्या देवाला. तू म्हणायचास, "अवं, तू एकटी पडू नये म्हून बोललो." मी म्हणायचे, नक्कल. आजही माझं मत तेच आहे. म्हणजे, बहुतेक तेच आहे.

त्या दिवसापासून मी 'मले' टाकलं. 'तुले' टाकलं, 'काहून' टाकलं. घरी आईशीसुद्धा 'काहून'च्या जागी 'का' म्हणायला लागले. भाकरी थापता थापता आई वर बघायची आणि म्हणायची, "काय झालं वं तुह्या तोंडाले?" गळा घासला तसं तोंड घासलं, आणि घासता घासता कानही घासले गेले असावेत. नाहीतर पुढे जे झालं ते झालं नसतं.

गुरुजी ग्वाल्हेरकडचे. वर्गाबाहेर फारसे पडायचे नाहीत, मराठी कामापुरती. त्यांनी माझ्यासाठी तोडीत एक बंदिश बांधली, विलंबित एकतालात. "काहू न कही मैं तो जिय की बात." कुणालाच सांगितली नाही मी माझ्या मनातली गोष्ट. त्यांनी ती मला देताना सांगितलं की ही तुझ्या गळ्याचा विचार करून केली आहे, दुसऱ्या कोणाला देणार नाही. वर्गात ज्या मुलीला तानपुरासुद्धा हसू ऐकून मिळाला, तिला तिच्या नावाची बंदिश मिळाली. मी ती वर्षभर घोटली. पहाटे, दुपारी, शाळेतून येताना चालता चालता. एवढं घोटूनही मला ऐकू आलं नाही, गुरुजींना येणं शक्यच नव्हतं. आणि तू शेजारी बसून ती रोज वाजवत होतास, तुला पहिल्याच दिवशी ऐकू आलं असणार. तू गप्प बसलास. कशाची वाट पाहत होतास?

पहिली मोठी बैठक. रविवारची सकाळ, रामदासपेठेतलं ते सभागृह, पुढच्या ओळीत डॉक्टर, वकील, प्रोफेसर. बाबांना मी हट्टानं पुढे बसवलं होतं. पांढरा सदरा आईनं नीळ घालून धुतला होता. बाबा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते, परीक्षेला बसावं तसे. त्यांना काही कळत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण ते हलत नव्हते. माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं. मला त्या हॉलकडून टाळ्या नको होत्या, दिगंबर. ह्या माणसानं जे गाणं कधी ऐकलं नाही ते माझ्यामुळे ऐकावं, एवढंच पाहिजे होतं. त्यांनी एकदा मान डोलावली असती तरी पुरे होतं.

तोडी लागली होती. माझी मलाच लागलेली कळत होती. मी मुखड्याच्या 'काहू न'वर थांबले आणि ते पुन्हा पुन्हा घ्यायला लागले. एकदा खालच्या स्वरांतून, एकदा गंधार हलवून, मग धैवताकडे बघत, विचारल्यासारखं. काहू न… काहू न… काहू न… डोळे मिटलेले होते माझे. आणि तू पेटीसमोरच्या माईककडे वाकलास आणि शेजारीण भिंतीवरून बोलते त्या आवाजात, अगदी सहज, म्हणालास, "आता मले काय माहीत वं, काहून!"

सगळा हॉल फुटला. प्रोफेसर रुमालात तोंड खुपसून हसले. तबलजीचा ठेका गेला. गुरुजी शेजारच्याला विचारत होते, क्या हुआ, क्या हुआ? मी गात राहिले. पण मी डोळे उघडले होते, आणि मला बाबा दिसले.

बाबा हसत होते. सगळ्यांत जास्त बाबाच हसत होते. ताठ बसलेला तो माणूस मांडी मोडून, गुडघ्यावर थाप मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. त्या हॉलमध्ये त्यांना कळणारा पहिला शब्द त्यांच्या कानावर पडला होता, आणि तो तुझ्या तोंडून.

बाहेर आल्यावर मला पहिलं वाक्य काय ऐकायला मिळालं, सांगते तुला. आजवर सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "कोण आहे वं तो पेटीवाला पोट्टा? त्याले जेवाले बोलाव घरी." मी म्हटलं, आणि मी कशी गायले? "तू तं चांगलीच गायली असन, मले काय समजते त्यातलं? पण त्यानं जे म्हटलं ना, ते समजलं. आज पयल्यांदा काही समजलं." मी सायकलरिक्षाला हात केला. बाबा वाटेत आठवून आठवून हसत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या जिन्यावर मी तुला अडवलं. माफी माग म्हटलं. तू पायरीवर बसलास आणि खरंच विचारात पडलास, तेवढं मान्य करते. मग म्हणालास, "तोंडातून निघून गेलं. पण सुजाता, मी तुला हसलो नाही. मी बंदिशीला हसलो. अख्ख्या नागपूरला ऐकू आलं, तुलाच कसं ऐकू आलं नाही?"

हेच ते. हेच मला लागलं. तुला कुठे मारायचं ते बरोबर ठाऊक असायचं आणि मारल्यावर तुला पत्ताही नसायचा. मला ऐकू आलं नाही कारण ऐकू येऊ नये म्हणून मी इतकी मेहनत केली होती. जो शब्द मी घरातून हाकलला तो तू स्टेजवर आणून बसवलास, आणि तुझं त्यात काय गेलं? तुझ्यासाठी 'काहून' ही टोपी होती. घातली, लोक हसले, काढून खुंटीला अडकवली, आणि सोमवारी ऑफिसात 'का बरं?' म्हणायला मोकळा. मी 'काहून' म्हटलं की लोकांना माझी वस्ती दिसायची. तू म्हटलं की कलाकार दिसायचा. हे मी तुला तेव्हा सांगितलं. तू म्हणालास, "मंग तू लाजू नको ना. मी कुठी लाजून राहिलो?" मी म्हटलं, तुला लाजायचं कारणच काय आहे? यावर तू उठून जिना चढून वर गेलास. तेवढा एक डाव मी जिंकले होते, तो लिहून ठेवते.

आणि तू आमच्याकडे जेवायलाही आलास! बोलावलं कोणी, मी तर नाही. बाबांनी गिरणीतून येता येता तुला बर्डीवर गाठलं. आईच्या हातचं, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचं ताट पुढे घेऊन तू आणि बाबा असे काही हसत होतात की शेजारच्या बाया दारात आल्या. मी वाढत होते. मी हसले नाही. त्यानंतर तू हवं तेव्हा यायला लागलास. बाबांना माझ्यापेक्षा तुझी वाट जास्त असायची.

हे इथे थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण तुला त्यात धंदा दिसला. धंदा म्हटलं की तू रागवायचास, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. 'हसरा षड्ज'! गणपतीत, शारदोत्सवात, लग्नाच्या वरातीनंतरसुद्धा लोक तुझा हा नकलांचा कार्यक्रम ठेवायला लागले. तानपुरा लावता लावताच कार्यक्रम संपवणारे बुवा. तान घेताना पतंग उडवणारे बुवा. तबलजीकडे डोळे वटारून स्वतःच चुकणारे खाँसाहेब. पहिल्या ओळीत झोपून, कोणी खोकलं की दचकून 'वा!' म्हणणारे रसिक. आणि सगळ्यांत शेवटी, लोक ओरडून मागणी करायचे तो भाग: काहूनबाई. खांद्यावर पदर, कानावर हात, डोळे मिटलेले, काहू न… काहू न… आणि सगळा मांडव एका सुरात, "काहून?"

मी ते एकदाच पाहिलं. मागे, खांबाजवळ उभी राहून. लोक सांगतात की तू माझी नक्कल हुबेहूब करायचास. लोकांना काय कळतं? मला जे दिसलं ते मी तुला कधी बोलले नाही, आज बोलते. तुझा तोडीचा गंधार बरोबर लागत होता. नेमका तो, खाली दबलेला, जो लावायला मला कितीतरी वर्षं लागली. बेसूर गाऊन हसवलं असतंस तर मी म्हटलं असतं, पेटीवाला आहे, सोडून द्या. पण तू तो खरा लावत होतास आणि मग त्याच्यावर उडी मारून लोकांना हसवत होतास. एवढा सूर अंगात असलेला माणूस आयुष्यभर तोंडं वेडीवाकडी करत फिरला. त्याचा मला राग आहे. माझ्या अपमानापेक्षा त्याचा जास्त आहे, असं कधी कधी वाटतं.

माझं काय झालं ते तुला माहीतच आहे. मी तोडीला बसले की मागून कोणीतरी हळूच 'काहून' म्हणायचं. कॉलेजात शिकवायला लागले तर मुली पाठीमागे काहूनबाई म्हणायच्या. मी ती बंदिश सोडली. मग तोडीच सोडली. सकाळच्या बैठकीत भैरव गायचे, ललत गायचे, आणि लोक म्हणायचे, बाईंना तोडी जमत नाही वाटतं. एवढं करून माझ्या साथीला तूच. दुसरा पेटीवाला मिळत नव्हता असं नाही. मिळत होते, बसवूनही पाहिले. माझ्या मागे मागे फरफटत यायचे. तू माझ्या आधी पोचून, जागा झाडून, बाजूला उभा असायचास. हे कौतुक आहे, घे. दुसरं मिळणार नाही.

रामटेकचं आठवतं? कार्यक्रमाला निघालो होतो, एसटीत उभं राहायला जागा नाही, तुझ्या मांडीवर पेटी आणि माझ्या मांडीवर कोणाच्या तरी संत्र्यांची टोपली. कंडक्टर ओरडत होता, "सरका गा मागं, सरका!" आणि तू पेटीचा भाता अर्धवट उघडून त्याचं ते ओरडणं भैरवीत बसवलंस. तो 'सरका' म्हणाला की तुझा कोमल निषाद तयार. भातशेतीच्या बांध्यांमधून गाडी चालली होती, अख्खी बस हसत होती, कंडक्टरही हसत होता आणि मुद्दाम जास्त ओरडत होता. मी तोंड खिडकीकडे फिरवलं. तू मात्र मरेपर्यंत म्हणत राहिलास की काचेत तुला दिसलं, मी हसत होते. नव्हते हसत. खिडकीतून धूळ आली होती, मला खोकला आला. कितीदा सांगितलं तुला, धूळ होती.

हेच आपलं भांडण होऊन बसलं. भेटलास की तुझं ठरलेलं, "एक डाव हसून दे ना वं, सुजाता. त्या काहूनवर. मंग मी माफी मागतो." मी म्हणायचे, आधी माफी. तू म्हणायचास, आधी हस. बर्डीच्या स्टॉपवर, कोणाच्या लग्नात, ग्रीनरूममध्ये, साथीला बसताना पेटी उघडता उघडता. मालतीवहिनी म्हणायच्या, तुम्ही दोघं शाळेतली पोरं आहात का? त्या तुझी बायको, त्यांना तुझी बाजू घेणं भाग होतं, पण त्यांनी कधी घेतली नाही.

आता बाबांचं. हे लिहू की नको, असं सकाळपासून चाललं आहे. बाबा रामदासपेठेतल्या दवाखान्यात होते. फुप्फुसात गिरणीचा कापूस बसलेला, बोलताना धाप लागायची. मी कॉलेजातून तिथे जायची. एक दिवस व्हरांड्यात पोचले आणि आतून हसण्याचा आवाज आला. बाबांचा. कितीतरी दिवसांत मी तो ऐकला नव्हता. दारातून पाहिलं, तू खाटेच्या कडेला बसला होतास, पेटी नाही, काही नाही, खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटांनी ठेका धरलेला. तू गात होतास, हळू, माझी बंदिश. आणि थांबत होतास. आणि बाबा धापा टाकत, हसत, म्हणत होते, "काहून?" खोलीतले बाकीचे पेशंटही म्हणत होते.

मी आत गेले नाही. जिन्यावर जाऊन बसले. ती बंदिश माझी, तो बाप माझा, आणि त्या खोलीत माझंच काही काम नव्हतं. तू गेल्यावर मी आत गेले तर बाबा म्हणाले, "ते काहूनवालं तू म्हण ना वं एक डाव. त्या दिवसापासून तुह्या तोंडून आयकलंच नाही." मी म्हटलं, इथे दवाखान्यात? बरे व्हा, घरी म्हणते. ते बरे झाले नाहीत. माझ्या बापानं माझी तोडी शेवटी तुझ्या तोंडून ऐकली. यासाठी तुला काय करू, सांग. आभार मानायचे तर तो जिना आठवतो. शिव्या द्यायच्या तर बाबांचं ते हसणं ऐकू येतं. मग मी दोन्ही करत नाही आणि भांडी घासायला लागते.

आणि परवाची तुझी शोकसभा. पहिलं म्हणजे लोक हसत होते. एकामागून एक उठून तुझे किस्से सांगत होते. एकानं तर तू माझी नक्कल कशी करायचास त्याची नक्कल केली, मी दुसऱ्या ओळीत बसले होते हे त्याला मागून कळलं. मी पर्स उचलली होती निघायला. तेवढ्यात मालतीवहिनी जवळ आल्या. त्यांना मी एवढं शांत कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "सुजाताताई, त्यांना आवडायचं ते म्हणा ना. तुमचं." मी म्हटलं, वहिनी, ती सकाळची बंदिश आहे, संध्याकाळी तोडी गात नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांना आता सकाळ काय आणि संध्याकाळ काय?" यावर तू काय म्हणाला असतास ते मला लगेच ऐकू आलं. म्हणून उठले.

पेटी ठेवलीच नव्हती. मीच सांगितलं, पेटी नको. तानपुरा आणि तबला. डावीकडे तुझी जागा रिकामी, सतरंजीची घडी दिसत होती. इतक्या वर्षांनी गळ्यात तोडी येईल का, अशी भीती होती. आली. रुसलेल्या माणसासारखी दारात उभी राहिली थोडा वेळ, मग आत आली. मी आलाप केला, मुखडा धरला, आणि 'काहू न'वर आले.

हॉल गप्प झाला. एकजणही खोकला नाही, खुर्ची वाजली नाही. दिगंबर, ही शांतता मी जन्मभर मागितली. त्या रविवारी सकाळी मला हीच पाहिजे होती. आणि दोन ओळी म्हणता म्हणता मला कळलं की ही माझी नाहीच. हे लोक मला ऐकत नव्हते. सगळे त्या सतरंजीकडे बघत होते. तू बोलशील म्हणून थांबले होते. मेलास तरी माझा हॉल तुझाच!

असा संताप आला मला. डोक्यात तिडीक गेली. मी आवर्तन फिरवून पुन्हा मुखड्यावर आले, 'काहू न' म्हटलं, आणि पुढचं 'कही' म्हटलंच नाही. तुझ्या जागेकडे वळले आणि विचारलं. गाऊन नाही, बोलून. माईकमध्ये. बाबा बोलायचे तसं, आई भाकरी थापताना बोलायची तसं, जे तोंड मी घासून घासून पुसून टाकलं होतं त्याच तोंडानं. "काहून गा? आज काहून बोलून नाही राहिला?"

कोणी हसलं नाही. एकसुद्धा माणूस हसला नाही. तू तेच शब्द म्हणाला असतास तर मांडव डोक्यावर घेतला असता लोकांनी. मालतीवहिनींनी तोंडाला पदर लावला.

मी थांबले होते. खरंच थांबले होते, उत्तरासाठी. आणि तबलजी बिचारा ठेका देत होता, माझ्याकडे बघत होता, मान हलवून खुणा करत होता, आणि माझं तोंड उघडं आणि सम माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. माझी सम चुकली, दिगंबर. ज्या बाईची सम कधी चुकत नाही म्हणून तू दर बैठकीत डोळे लावून बसायचास, 'एक डाव चूक ना वं, मले तेवढाच नवा आयटम होईल' म्हणून मागे लागायचास, तिची सम भर सभेत, साध्या विलंबित एकतालात, शिकाऊ पोरीसारखी चुकली. आणि बघायला तू नव्हतास. एवढी वर्षं जिची वाट पाहिलीस ती गोष्ट झाली तेव्हा तू चार दिवस आधीच निघून गेलेला. याच्याइतका तुझा अंदाज कधी चुकला नव्हता.

तबलजी कावराबावरा झालेला, मी तोंड उघडं टाकून बसलेली, समोर तुझा हार घातलेला फोटो, त्यात तू तसाच गंभीर. तुझं ते 'आधी हस' आठवलं आणि मला आवरलं नाही. माईक समोर होता. सगळ्यांनी ऐकलं. मालतीवहिनींना विचार, हवं तर.

आता माफी माग. आणि खिडकीचं काही बोलू नकोस. परवा हॉलमध्ये धूळ नव्हती.